क्वांटम मोजायला काय लागते?

आमच्या शेजारच्या काकूंनी मागच्या महिन्यात एका मोफत आरोग्य शिबिरातून भलामोठा रिपोर्ट आणला. हातात धातूची एक दांडी मिनिटभर धरायची, दांडीची वायर लॅपटॉपला जोडलेली, आणि लगेच प्रिंटरमधून हृदय, यकृत, मूत्रपिंड, हाडे, डोळे अशा सगळ्यांचा हिशेब बाहेर. रक्त द्यायचे नाही, उपाशीपोटी जायचे नाही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत यंत्राचे नाव छापलेले : ‘क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स अ‍ॅनालायझर’. रिपोर्टप्रमाणे काकूंची मूत्रपिंडे उत्तम होती. काकूंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली क्रिएटिनिनची तपासणी त्या पावसाळ्यापासून पुढे ढकलत होत्या. आता तिची गरजच उरली नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचा पुतण्या इथेच रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. “काका, ही मशीन फसवी आहे हे मला कळतंय. पण काकूला सांगू काय? क्वांटम म्हणजे काय ते मलाच नीट सांगता येत नाही. खरं क्वांटम मोजतात तरी कसं?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधायला परदेशात जावे लागत नाही. मुंबईत कुलाब्याला आणि पुण्याला ते काम चालू आहे, आणि त्यातला मोठा भाग या मुलाच्या विषयाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा आहे.

आधी ‘मॅग्नेटिक रेझोनन्स’

रिपोर्टवरचे हे दोन शब्द खोटे नाहीत, फक्त चोरलेले आहेत. ते एमआरआयचे. एमआरआय काढताना रुग्णाला ज्या बोगद्यात सरकवतात, त्याच्याभोवती साधारण दीड टेस्लाचे चुंबक असते. आपल्या भागात पृथ्वीचे जे चुंबकीय क्षेत्र जाणवते, त्याच्या तीस हजार पटींहून ते अधिक. या क्षेत्रात शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणूंची केंद्रके भोवऱ्यासारखी डोलतात, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. बरोबर त्याच वारंवारतेची, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर थोडा वेळ सोडली की केंद्रके कलतात. लहर किती जोरात आणि किती वेळ सोडली यावर ती किती अंश कलणार हे ठरते. लहर थांबली की तीच केंद्रके अगदी क्षीण रेडिओसिग्नल परत देतात. त्यातून चित्र बनते.

(एमआरआयमध्ये जो ठकठक आवाज येतो, तो या रेडिओलहरींचा नसतो. तो चुंबकीय क्षेत्र पटापट बदलणाऱ्या गुंडाळ्यांचा. रेडिओलहर ऐकू येत नाही.)

परत येणारा सिग्नल इतका नाजूक असतो की एमआरआयची खोली चारही बाजूंनी धातूच्या पत्र्याने किंवा जाळीने मढवतात. नाहीतर बाहेरच्या रेडिओ केंद्रांचा आणि विजेच्या उपकरणांचा गोंगाट आत शिरेल. ज्यांनी मिडियम वेव्हवर आकाशवाणी रत्नागिरी ऐकली आहे, त्यांना वळवाच्या दिवसांत वीज चमकली की गाण्यात होणारी कडकड आठवत असेल. तीच अडचण. शिबिरातल्या टेबलावर मात्र ना चुंबक, ना मढवलेली खोली. शेजारी पंखा चालू आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल.

या विद्येशी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, जुना संबंध आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन अणू तीन निरनिराळे सिग्नल देतात, हे दाखवले. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती त्यातून एक नवे हत्यार आले. त्यांतले धर्माट्टी पुढे भारतात आले आणि त्यांनी टीआयएफआरमध्ये या संशोधनाचा गट उभा केला. अणूशी रेडिओलहरींच्या भाषेत बोलायचे, हा धडा त्या संस्थेत सत्तर वर्षांपासून गिरवला जात आहे.

आता ‘क्वांटम’

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, एक छोटी बातमी दिली. अतिवाहक सर्किटवर चालणाऱ्या सहा क्यूबिटांच्या क्वांटम प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी टीआयएफआरमध्ये पूर्ण झाली होती. तीन जणांचे काम होते. क्यूबिटांची रचना आणि निर्मिती टीआयएफआरची. क्यूबिट एका कड्यासारख्या रेझोनेटरने एकमेकांशी जोडायची कल्पनाही त्यांचीच. दूरवरून इंटरनेटने काम पाठवायची व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. आणि क्यूबिट चालवण्याची, मोजण्याची सगळी यंत्रणा पुण्याच्या ‘डीआरडीओ यंग सायंटिस्ट लॅबोरेटरी फॉर क्वांटम टेक्नॉलॉजीज’ची. पस्तीस वर्षांखालील शास्त्रज्ञांसाठी डीआरडीओने ज्या पाच प्रयोगशाळा काढल्या, त्यांतली ही एक. या मंडळींनी काही उपकरणे बाजारातून तयार घेतली आणि काही डेव्हलपमेंट बोर्ड स्वतः प्रोग्रॅम करून वापरले.

बातम्यांत सगळे लक्ष सहा या आकड्याकडे गेले. मला शेवटचे वाक्य जास्त महत्त्वाचे वाटले.

क्यूबिट म्हणजे इथे अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचे एक सूक्ष्म सर्किट. त्यात दोन धातूंच्या थरांमध्ये ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा असतो. त्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. खूप थंड केले की हे सर्किट एखाद्या अणूसारखे वागते. त्याच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. खालची पायरी शून्य, तिच्या वरची एक, आणि दोन्हींच्या मिश्रणातही ते राहू शकते. सर्किटासारखी हाताने बनवलेली वस्तू असे अणूसारखे वागते, हे ज्यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला दाखवले, त्या जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

याला शून्यावरून एकवर न्यायचे कसे? एमआरआयच्याच युक्तीने. फक्त वारंवारता ६४ मेगाहर्ट्झऐवजी सुमारे ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५०० कोटी कंपने. घरातल्या वायफायच्या जवळपासची. आणि एमआरआयमध्ये चित्राच्या एकेका ठिपक्यात अब्जावधींहून अधिक केंद्रके एकत्र सिग्नल देतात. इथे एकच कृत्रिम अणू. चुकला तर भरून काढायला शेजारी कोणी नाही.

पुतण्याला मी इथे थांबवले आणि वही काढायला सांगितली, कारण पुढचे त्याच्या अभ्यासक्रमातले आहे.

क्यूबिटला देण्याचा स्पंद २० ते ४० नॅनोसेकंदांचा असतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश शाळेतल्या फूटपट्टीएवढे अंतर जातो, एवढा तो लहान काळ. २० नॅनोसेकंदांत ५ गिगाहर्ट्झची जेमतेम शंभर कंपने बसतात. हा स्पंद एकदम चालू आणि एकदम बंद करून भागत नाही. तसे केले तर आजूबाजूच्या वारंवारताही त्यात मिसळतात आणि क्यूबिट नको त्या, दोन नंबरच्या पायरीवर उडी मारतो. म्हणून स्पंद हळूहळू चढवतात आणि हळूहळू उतरवतात. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो.

हा घंटेचा आकार संगणकात आकड्यांच्या रूपात असतो. सेकंदाला अब्जावधी आकडे वाचून त्यांचे व्होल्टेज करणारी चिप, म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, तो आकार प्रत्यक्ष विजेत उतरवते. जुन्या पद्धतीत ही चिप काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतच पोचायची. मग वेगळ्या ऑसिलेटरने ५ गिगाहर्ट्झची अखंड लहर तयार करायची आणि मिक्सरमध्ये दोन्ही एकत्र करायच्या. रेडिओ केंद्रात निवेदकाचा आवाज वाहक लहरीवर बसवतात, तोच हा प्रकार. आता इतक्या वेगवान चिपा आल्या आहेत की एकाच बोर्डावर, एफपीजीएच्या शेजारी, हा स्पंद थेट हव्या त्या वारंवारतेला तयार होतो. अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या इंजिनिअरांनी बाजारात मिळणाऱ्या अशा बोर्डावर चालणारी ‘क्विक’ नावाची नियंत्रण यंत्रणा लिहिली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. जगात कितीतरी विद्यापीठांतले विद्यार्थी आज तिच्यावरच शिकतात.

अचूकता किती लागते? शून्याचा एक करायचा म्हणजे क्यूबिटला १८० अंश फिरवायचे. स्पंदाची ताकद एक टक्का जास्त झाली तर तो १.८ अंश जास्त फिरेल. एकदा हे खपून जाईल. पण तेच शंभर वेळा केले की चूक साठत साठत १८० अंशांची होते, म्हणजे उत्तर बरोबर उलटे. फिरवण्याची दिशा लहरीच्या फेजवर ठरते, त्यामुळे एका पेटीचे घड्याळ दुसरीपेक्षा किंचित सरकले तरी दिशा चुकते. म्हणून सगळी उपकरणे एकाच घड्याळाला बांधतात. जाखडीत गडी कितीही असोत, मृदंग एकच असतो, तसे.

सिग्नल तयार करून फेकून द्यायचा

इतक्या मेहनतीने तयार केलेला स्पंद क्यूबिटपर्यंत पोचेपर्यंत त्यातला बहुतेक भाग मुद्दाम जाळून टाकतात. हे ऐकून पुतण्या हसला.

त्याचे कारण उष्णता. आपल्या खोलीतली प्रत्येक तार, तिच्यात काहीही सोडले नाही तरी, नुसत्या तापमानामुळे गोंगाट करत असते. क्यूबिटच्या दोन पायऱ्यांमधली ऊर्जा एवढी कमी असते की पाव केल्विनची ऊबसुद्धा त्याला एकावर ढकलून देईल. म्हणून तो डायल्यूशन रेफ्रिजरेटरच्या तळाशी ठेवतात. हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर हा चालतो आणि निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या पन्नासाव्या ते शंभराव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत पोचतो. पण वरून येणारी केबल तर आपल्या ३०० केल्विनच्या खोलीतली. तिच्यातला गोंगाट तळाच्या मानाने पंधरा हजार पट किंवा त्याहून जास्त. तो केबलमधून सरळ खाली उतरेल.

उपाय असा की खाली जाताना प्रत्येक मजल्यावर, साधारण ४ केल्विनला, मग त्याखाली, मग अगदी तळाशी, सिग्नल कमी करणारे छोटे अ‍ॅटेन्युएटर बसवायचे. मिळून साधारण ६० डेसिबल. म्हणजे वरून सोडलेल्या शक्तीचा दहा लाखावा हिस्सा खाली पोचतो. सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच कमी होतो, आणि थंड अ‍ॅटेन्युएटर स्वतःचा जो गोंगाट घालतो तो थंडच असतो. सिग्नल तर आपण वरून हवा तेवढा मोठा पाठवू शकतो. तोटा काहीच नाही, फक्त त्या थंड मजल्यांवर तयार होणारी उष्णता फ्रीजला झेपली पाहिजे.

मोजणे हे याहून अवघड. क्यूबिटला थेट हात लावला तर त्याची अवस्था मोडते. म्हणून त्याच्याशेजारी दुसरे एक सर्किट, रेझोनेटर, ठेवतात. त्याची वारंवारता ६-७ गिगाहर्ट्झच्या घरात असते आणि शेजारचा क्यूबिट शून्य आहे की एक, त्यानुसार ती किंचित सरकते. रेझोनेटरवर मोजके फोटॉन असलेली हलकी लहर सोडायची आणि परत येताना तिचा फेज किती सरकला ते पाहायचे. शेजारच्या घरात कोणी आहे का, हे दार न ठोठावता अंगणातल्या चपलांवरून ओळखावे, तसे काहीसे.

ही परतीची लहर किती क्षीण? आंबा घाटात मोबाइलला जेमतेम एक कांडी रेंज असते, तेव्हा फोनला जो सिग्नल मिळतो, त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढी. ती वाढवायला साधा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या खरखरीतच ती बुडते. म्हणून पहिला अ‍ॅम्प्लिफायर तळाशीच, जोसेफसन जंक्शनचाच बनवलेला. तो निसर्गनियमाने जेवढा गोंगाट घालावाच लागतो, जवळजवळ तेवढाच घालतो. दुसरा ४ केल्विनच्या मजल्यावर, पुढचे खोलीत. मधे एकेरी वाहतुकीच्या पाट्यांसारखे आयसोलेटर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट उलट फिरून क्यूबिटकडे जाणार नाही. एवढे झाल्यावर पुन्हा मिक्सर, मग अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर, मग एफपीजीए. एखाद्या मायक्रोसेकंदाच्या आत निकाल द्यायचा : शून्य की एक. कारण क्यूबिटची स्मृतीच काही दहा ते काही शे मायक्रोसेकंद टिकते. आणि एकदा मोजून विश्वास ठेवायचा नाही. तेच गणित हजारो वेळा करायचे आणि मग किती वेळा काय आले ते सांगायचे.

टीआयएफआरच्या या कामाचे प्रमुख आर. विजयराघवन यांचे स्वतःचे संशोधन नेमके याच विषयातले आहे. येल विद्यापीठात, नोबेल मिळालेल्या डेव्होरे यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांनी जोसेफसन जंक्शनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर पीएच.डी. केली. पुढे बर्कलीला असताना २०१२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की क्यूबिटकडे सतत हळूच डोकावत राहून, दिसलेल्या चुकीप्रमाणे त्याच क्षणी स्पंद बदलत गेले, तर त्याची लय टिकवून धरता येते. मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या नावातच ‘मेजरमेंट अँड कंट्रोल’ आहे.

सहा क्यूबिटांचे करायचे काय?

खरे सांगायचे तर गणित म्हणून फारसे काही नाही. सहा क्यूबिट म्हणजे ६४ शक्यता. तेवढी आकडेमोड तुमच्या हातातला मोबाइल सहज करून दाखवेल. औषधांचे रेणू शोधणे वगैरे जी स्वप्ने सांगितली जातात, त्यांना यापेक्षा कितीतरी जास्त आणि कितीतरी कमी चुकणारे क्यूबिट लागतील. क्वांटम संगणकाने आज कोणाचाही आजार ओळखला जात नाही. चाचणीचे महत्त्व वेगळे आहे : लांबून पाठवलेला प्रोग्रॅम स्पंदांत बदलला, स्पंद खाली गेले, उत्तर वर आले आणि पाठवणाऱ्याला मिळाले. मधली एकही कडी तुटली नाही.

आणि त्या कड्या विकत घेऊन नेहमी मिळतीलच असे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, या चाचणीनंतर काही दिवसांतच, अमेरिकेने क्वांटम संगणकांबरोबरच अतिशीत तापमानाला चालणाऱ्या चिपा, शीतकरण यंत्रणा आणि पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर यांच्या निर्यातीवर नवी बंधने घातली. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ६,००३ कोटी रुपयांचे हे मिशन २०३०-३१ पर्यंतचे आहे आणि त्यात ५० ते १००० क्यूबिटांपर्यंत जाण्याचे उद्दिष्ट आहे. हजार क्यूबिट म्हटले की आधी केबलचाच प्रश्न उभा राहतो. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये ११२१ क्यूबिटांची चिप दाखवली, तेव्हा एका फ्रीजमध्ये मैलभराहून जास्त वायरिंग घालावे लागले होते. म्हणून स्पंद तयार करणारी चिपच फ्रीजमध्ये, ४ केल्विनच्या मजल्यावर न्यायचे प्रयत्न चालू आहेत. इंटेलने डेल्फ्टच्या संशोधकांबरोबर २०१९ मध्ये ‘हॉर्स रिज’ ही तशी चिप जाहीर केली. पण थंडीत ट्रान्झिस्टर वेगळा वागतो, आणि चिपची उष्णता काढायची कुठून हा प्रश्न आहेच.

या सगळ्यात क्वांटम भौतिकी किती आणि इलेक्ट्रॉनिक्स किती, हे पुतण्याने स्वतःच मोजले. त्याला सगळ्यात आवडले ते रोजचे कॅलिब्रेशन. खोलीचे तापमान थोडे बदलले तरी उपकरणांचे सिग्नल सरकतात, क्यूबिटची वारंवारताही हलते. म्हणून आधी वारंवारता शोधायची, मग स्पंदाची ताकद वाढवत वाढवत क्यूबिट कसा वर-खाली होतो त्याचा आलेख काढायचा, तो किती वेळ टिकतो ते पाहायचे, मग कामाला लागायचे. त्या आलेखाला आजही इसिडोर राबी यांचे नाव आहे. अणुकेंद्रकांचा रेझोनन्स मोजण्याच्या पद्धतीबद्दल १९४४ चे नोबेल मिळालेले हेच ते राबी.

“म्हणजे काका, एका क्यूबिटचं शून्य की एक, एवढंच कळायला हा सगळा खटाटोप?”

“अरे, एकच. आणि तेसुद्धा हजारदा विचारून.”

काकूंना त्याने हे सगळे सांगितले नाही. त्याने फक्त दोन गोष्टी केल्या. शिबिरात त्यांचे वय, उंची, वजन आधीच लिहून घेतले होते का, ते विचारले. घेतले होते. मग तो त्यांना गाडीवर बसवून लॅबमध्ये घेऊन गेला. क्रिएटिनिन थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, मीठ कमी करायला सांगितले आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. रिपोर्टच्या कोऱ्या बाजूंवर पुतण्या सध्या मिक्सरच्या आकृत्या काढतो आहे. परवा त्याने विचारले की अ‍ॅटेन्युएटर तळाशीच एकदम ६० डेसिबलचा का लावत नाहीत. त्याचे उत्तर वर आलेच आहे, पण ते त्याला स्वतःला शोधू दे म्हणून मी अजून सांगितलेले नाही.